एकच बिल्डिंग, चार कोड : बडोद्याच्या एका एम.टेक. वर्गाचं प्रकरण

प्रकरण एकाच सेमिस्टरचं आहे, २०२४ चं, जानेवारीत सुरू झालेलं. बडोद्यातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज, एम.टेक. स्ट्रक्चरलचं पहिलं वर्ष, विषय काँक्रीट डिझाइन. विषय मॅडम शिकवतात, ट्युटोरियल आणि लॅब माझ्याकडे, म्हणजे जे काय झालं ते मी बाकावरून नाही तर मिक्सरजवळ उभा राहून बघितलंय. लिहायचं कारण असं की "आमच्याकडे इतक्या देशांचे विद्यार्थी" हे वाक्य हल्ली प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात असतं, झेंडे लावून फोटो असतो, पण त्या मुलांमुळे शिकवण्यात नेमकं काय बदललं हे कोणी सांगत नाही, बहुतेक वेळा काहीच बदललेलं नसतं म्हणून.

आधी वर्ग. निम्म्याहून थोडे जास्त इथले, म्हणजे बडोदा, आणंद, भरूचकडचे गुजराती आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातले आपले दोन-तीन मराठी. बाकी नेपाळचे काही, इथिओपियाचे दोघं, टांझानियाचा एक आणि हेरातची एक अफगाण मुलगी. यातले बरेच आयसीसीआरच्या, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या स्कॉलरशिपवर, ती संस्था मौलाना आझादांनी १९५० साली काढलेली, काही स्वतःच्या पैशाने. तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या एआयसीटीईच्या नियमात परदेशी मुलांसाठी मंजूर जागांच्या वर काही जागा वेगळ्या मिळतात, आणि खरं बोलायचं तर एम.टेक.च्या मूळ जागाही सगळ्या भरत नाहीत, त्यामुळे ही मुलं नसती तर वर्ग फारच रिकामा दिसला असता. देशाचं चित्र बघितलं तर २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणात भारतात परदेशी विद्यार्थी होते ४६,८७८ आणि एकूण विद्यार्थी चार कोटींच्या वर. त्या शेहेचाळीस हजारांत २८ टक्के एकट्या नेपाळचे. म्हणजे आमच्यासारखा मिसळलेला वर्ग इथे अजून नवलाईच आहे.

उलटीकडे बघा. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ होते, त्यातले निम्म्याहून जास्त मास्टर्स-पीएचडीचे, आणि तिथे इलेक्ट्रिकलच्या फुल टाइम ग्रॅज्युएट वर्गात परदेशी मुलं पाऊणच्या आसपास आहेत. तिथला वर्ग आपल्याच पोरांवर चालतो. आमच्या वर्गातल्याही अर्ध्या पोरांचं लक्ष तिकडेच असतं, दोन वर्षांनी ते ज्या खुर्चीत बसणार ती खुर्ची आत्ता त्यांच्या शेजारीच आहे आणि तिच्यात इथिओपियाचा मुलगा बसलाय, हे त्यांना सुचत नाही. असो.

मॅडमची असाइनमेंट दर वर्षी एकच : तळमजला अधिक चार असं हॉस्टेल, जागा बडोदा, आयएस ४५६ (काँक्रीटचा भारतीय कोड, कोड म्हणजे डिझाइनच्या नियमांचं पुस्तक) आणि आयएस १८९३ (भूकंपाचा) धरून पूर्ण डिझाइन, ग्रुपमध्ये. दर वर्षी एकच प्रकार व्हायचा. इथली मुलं बी.ई.पासून आयएस घोटून आलेली, टेबलं तोंडपाठ, तेच सगळं करायची. परदेशी मुलांच्या वाट्याला रिपोर्टचं टायपिंग आणि कव्हर पेज. ग्रुपचं बोलणं गुजरातीत, व्हॉट्सॲपवर तर शंभर टक्के गुजरातीत. नेपाळच्या मुलांना हिंदी येतं म्हणून ते निभावून न्यायचे, बाकीचे गप्प. व्हायवाला त्यांना काही विचारलं की येत नसे आणि मग स्टाफरूममध्ये आपसात "यांचा बेस कच्चा असतो" हे ठरलेलं वाक्य. मला ते कधीच पटलं नाही, कारण त्याच इथिओपियन मुलाला बीमची ॲनालिसिस फळ्यावर करताना मी बघितलं होतं, हात थांबत नव्हता.

त्या वर्षी सुरुवातीलाच या मुलाने मॅडमना सरळ विचारलं. म्हणाला, मॅडम मी परत जाऊन सरकारी खात्यात रुजू होणार, तिथे २०१५ पासून युरोकोडवर, म्हणजे युरोपच्या सामायिक कोडवर बेतलेला कोड आहे, आयएस मी शिकतो पण हे हॉस्टेल मला माझ्या कोडने करू द्याल का? मॅडम जरा विचारात पडल्या, तपासणार कोण हा पहिला प्रश्न. मग म्हणाल्या कर, पण एकट्याने नाही, ग्रुपने मिळून करायचं, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाने दुसऱ्याच्या कोडवर व्हायवा द्यायचा, स्वतःच्या नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी बहुतेक जाता जाता टाकलं असेल पण सगळं प्रकरण त्याच्यावरच फिरलं.

तर असाइनमेंट अशी झाली. बिल्डिंग तीच, जागा चार : बडोदा, काठमांडू, अदिस अबाबा, दार-ए-सलाम. काठमांडूला भूकंपासाठी नेपाळचा एनबीसी १०५, अदिसला इथिओपियाचा, आणि टांझानियाच्या मुलाने सांगितलं की त्याला ब्रिटिश पद्धतीचं बीएस ८११० शिकवलेलं, ते खुद्द ब्रिटनने २०१० मध्येच मागे घेतलंय पण तो त्याच्यावरच वाढलेला.

इथल्या पोरांनी लगेच कुरकुर केली. प्लेसमेंटला याचा काय उपयोग? इथले कन्सल्टंट आयएस आणि ईटॅब्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येतं का एवढंच विचारतात. आणि ईटॅब्समध्ये कोड बदलायचा म्हणजे मेन्यूतून दुसरं नाव निवडायचं, दोन क्लिकचं काम, यात शिकायचं काय? ही तक्रार मी उडवून लावणार नाही, गेटची १२,४०० ची स्टायपेंड संपली की नोकरी लागते आणि मॅडमच्या प्रयोगांवर नोकरी मिळत नाही. पण दोन क्लिकचं काम म्हणणाऱ्यांचीच पुढे जास्त पंचाईत झाली.

पहिली ठिणगी एम२५ वरून पडली. खालच्या मजल्याचा एकच कॉलम, लोड तेच, साइझ तेच, काँक्रीट "पंचवीसचं". इथिओपियाच्या मुलाच्या हिशेबात काँक्रीटची डिझाइन स्ट्रेंग्थ आली १४.२ एमपीए आणि इथल्या मुलीची ११.२. म्हणजे त्याच काँक्रीटमधून तो पाव हिस्सा जास्त ताकद काढत होता. ग्रुपमध्ये दोन दिवस वाद, एक जण म्हणे युरोकोड जास्त धाडसी आहे, दुसरा म्हणे आपला जास्त सेफ आहे, आणि "आपला सेफ" म्हटलं की वाद संपला असं सगळ्यांना वाटतं. टांझानियाचा मुलगा शांतपणे म्हणाला की माझंही ११.२ च्या जवळच येतंय. मग इथिओपियावालाच चुकला असणार, बहुमत झालं ना.

चूक त्याच्या हिशेबात नव्हती. आपला एम२५ म्हणजे १५० मिलिमीटरच्या क्यूबची ताकद २५. युरोकोडचं गणित सिलिंडरवर चालतं, १५० व्यास आणि ३०० उंची. तिथे ग्रेडच जोडीने लिहितात, सी२०/२५ किंवा सी२५/३०, पहिला आकडा सिलिंडरचा, दुसरा क्यूबचा. म्हणजे आपला एम२५ हा त्यांचा सी२०/२५, आणि त्याने पंचवीस बघून सी२५/३० उचलला होता. सूत्रात २५ च्या जागी २० घातले की १४.२ चं ११.३ होतं. आपलं ११.२. भांडण मिटलं.

पण मिटलं तिथेच खरी मजा सुरू झाली, कारण त्याने विचारलं की मी ०.८५ ने गुणतो, तुम्ही ०.६७ ने, तुमचा ०.६७ आला कुठून? आणि वर्गात एकालाही सांगता येईना. चार वर्षं बी.ई. आणि वर एम.टेक., ०.४४६ एफसीके (०.६७ भागिले १.५, गुणिले क्यूबची ताकद) हा आकडा झोपेत म्हणतील अशी पोरं, पण तो का आहे हे कोणी कधी विचारलंच नव्हतं, कोडमध्ये आहे म्हणून आहे. उत्तर तसं सोपं आहे. क्यूब बुटका असतो, दाबताना मशीनच्या प्लेटा वरून-खालून घर्षणाने त्याला धरून ठेवतात, त्याला बाजूला फुगू देत नाहीत, म्हणून तो खऱ्यापेक्षा जास्त ताकद दाखवतो. सिलिंडर उंच, त्याच्या मधल्या भागापर्यंत ही पकड पोचत नाही, म्हणून तो साधारण क्यूबच्या ०.८ ला फुटतो. आता ०.८ गुणिले ०.८५ करा, ०.६८. आपला ०.६७ तोच आहे, दोन पायऱ्या एकात मिसळलेल्या. आणि टांझानियाच्या मुलाचं आपल्याशी का जुळलं तेही उघड झालं, बीएसमध्येही क्यूब आणि ०.६७, आपला कोड त्याच ब्रिटिश घराण्यातला. इथल्या एका मुलीने तेव्हा मान वर करून "म्हणजे हा आकडा इंडियन नाहीच?" असं विचारलं, त्यावर टांझानियाचा हसून म्हणाला की आमचाही नाही.

मग मॅडमनी सांगितलं की ऐकीव नको, फोडून बघा. लॅबमध्ये सिलिंडरचे मोल्ड होतेच, स्प्लिट टेन्साइल टेस्टसाठी घेतलेले, धूळ खात पडलेले. लॅबच्या काकांनी आधी नाक मुरडलं, त्यांना सिलिंडर आवडत नाही, कारण क्यूब आडवा करून गुळगुळीत बाजूंवर फोडता येतो, सिलिंडरला मात्र वरचा खडबडीत भाग कॅपिंग करून सपाट करावा लागतो. एकाच बॅचचे क्यूब आणि सिलिंडर भरले, २८ दिवस पाण्यात ठेवले, सीटीएमवर, म्हणजे दाबून फोडायच्या मशीनवर लावले. सगळे काही नेमके ०.८ ला आले नाहीत, एका सिलिंडरचं कॅपिंग तिरकं बसलं होतं तो फारच लवकर गेला, पण कल स्पष्ट होता. काका पुढे स्वतःच प्रत्येक सिलिंडर फुटल्यावर त्याची तिरकी चीर पोरांना दाखवत होते, "ही बघा, इथून सरकला" म्हणून, आणि इथिओपियाच्या मुलाशी त्यांचं कुठल्या भाषेत चालायचं देवाला ठाऊक, पण चालायचं.

टांझानियाच्या मुलाने या सगळ्यात एक वेगळंच बोट ठेवलं. तो म्हणाला सूत्रातला ०.६७ असो की ०.६८, साइटवर काँक्रीट पंचविसाचं येतंच कुठे? २९ मार्च २०१३ ला दार-ए-सलाममध्ये बांधकाम चालू असलेली सोळा मजली इमारत कोसळली होती, ३६ माणसं गेली, तो तेव्हा शाळेत होता. त्याच्यासाठी क्यूब टेस्ट म्हणजे सिव्हिल लॅबचा तिसरा प्रयोग नव्हता. त्या ग्रुपच्या रिपोर्टमध्ये क्वालिटी कंट्रोलचं प्रकरण सगळ्यात जाड झालं ते त्याच्यामुळे.

दुसरी गोष्ट भूकंपाची, आणि ही पहिलीपेक्षा जास्त फसवी. आमच्याकडे चालू होता तो आयएस १८९३ म्हणजे २०१६ चा, त्यात बडोदा झोन तीन, झोन फॅक्टर ०.१६, आणि सगळ्यात वरच्या झोन पाचला ०.३६. नेपाळच्या मुलाने एनबीसी १०५ काढला, १९९४ चा कोड २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नव्याने लिहून २०२० मध्ये आणलेला, त्यात काठमांडूला ०.३५. इथल्या मुलाने बघितलं आणि म्हणाला अरे सेमच आहे, ०.३५ काय आणि ०.३६ काय, झोन पाच टाकून मोकळे होऊ. नेपाळचा मुलगा अडून बसला. त्याने दोन्ही करून दाखवलं. आयएसने : ०.३६ चा आधी निम्मा, ०.१८, गुणिले २.५, भागिले ५, आलं बिल्डिंगच्या वजनाच्या ९ टक्के. नेपाळच्या कोडने : ०.३५ निम्मा होत नाही, गुणिले २.५, भागिले ४ आणि पुन्हा १.५, आलं साडेचौदा टक्के. ईटॅब्सच्या मेन्यूवर विसंबलेल्यांनी इथे हात टेकले, आमच्याकडच्या जुन्या व्हर्जनमध्ये तो कोडच नव्हता, त्याने स्पेक्ट्रमचे आकडे हाताने टाइप केले.

आता ९ कुठे आणि साडेचौदा कुठे. पुन्हा तोच सूर, आपला कोड कमी धरतो, नेपाळवाले घाबरून जास्त धरतात. यावर उत्तर शोधलं ते मात्र दांडिया बाजारच्या आपल्या मुलीने, कारण व्हायवा तिला नेपाळच्या कोडवर द्यायचा होता आणि ती तो ओळ-ओळ वाचून आली होती. तिने सांगितलं, आपण भूकंपाच्या लोडला पुढे कॉम्बिनेशनमध्ये, म्हणजे सगळी लोड एकत्र धरताना, दीडने गुणतो, ते गुणत नाहीत, त्यांचा भूकंप कॉम्बिनेशनमध्ये एकपटच जातो. ९ चे दीडपट १३.५. साडेचौदाच्या अगदी शेजारी. बारीकसारीक फरक राहतातच, पण डोंगराएवढा दिसणारा फरक कोपऱ्यात मावला. नेपाळच्या मुलाने त्यावर एकच पुरवणी जोडली, की काठमांडूचं खोरं जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर बसलंय, २०१५ ला तिथे जमीन चार-पाच सेकंदांच्या संथ हेलकाव्याने हलली, आणि यामुळेच मातीचा प्रकार कोणता धरता यावर त्या शहरात सगळं अवलंबून आहे. बडोद्यात माती बघतो का आपण? विश्वामित्री नदीच्या काठावर बघायला पाहिजे, पण असाइनमेंटमध्ये "मीडियम सॉइल" छापूनच दिलेलं असायचं.

माझ्या मते या वर्गात परदेशी मुलांनी "वेगळा दृष्टिकोन" वगैरे काही आणला नाही, ते गुळमुळीत बोलणं आहे. त्यांनी आणलं ते आकडे, जे आपल्या आकड्यांशी जुळत नव्हते, आणि ज्याला आपला कोड पवित्र वाटत नाही असा माणूस टेबलाशी बसवला. तोही तेव्हाच उपयोगी पडला जेव्हा त्याच्याशिवाय काम पुढे सरकणार नाही अशी असाइनमेंट झाली. आदल्या वर्षांतही हेच देश होते वर्गात. कव्हर पेज टाइप करत होते.

आता जे जमलं नाही ते.

हेरातच्या मुलीचा प्रश्न सगळ्यात अवघड होता आणि तो आम्हाला सुटला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्याकडे ६.३ चे भूकंप झाले, हजारावर माणसं गेली, गावंच्या गावं मातीच्या विटांची, घुमटाच्या छपरांची, ती बसली. डिसेंबर २०२२ पासून तिच्या देशात मुलींना विद्यापीठ बंद, त्यामुळे तिला "परत जाऊन कुठला कोड वापरणार" हे विचारण्यात काही अर्थच नव्हता. ती म्हणाली, तुमच्या चारही बिल्डिंगी आरसीसी फ्रेमच्या, आमच्याकडे मेलेली माणसं फ्रेममध्ये राहतच नव्हती. खरं होतं. मॅडमनी तिला वेगळं काम दिलं, मातीच्या घरांसाठीचा आयएस १३८२७ आहे १९९३ चा, तो आणि कच्छचे भुंगे, म्हणजे तिकडची मातीची गोल घरं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजकडचे गोल भुंगे बरेचसे टिकले, गोल भिंत, हलकं छप्पर, कोपरा नाही. तिने त्याची हेरातच्या चौकोनी, जड घुमटाच्या घराशी तुलना केली, चित्रं अशी सुंदर काढली की विचारू नका. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं यात डिझाइन कुठे आहे, कॅलक्युलेशन शीट कुठे आहे, आणि वर्गात सगळ्यात कमी मार्क तिला पडले. आम्ही भांडलो थोडं, उपयोग झाला नाही.

मधे १६ मार्चला अहमदाबादला एका होस्टेलवर नमाजवरून परदेशी विद्यार्थ्यांना मारहाण झाली. बडोद्यात काही झालं नाही, पण त्यानंतर आमची मुलं अंधार पडायच्या आत लॅबमधून निघायला लागली. सिलिंडरचं काम नेमकं तेव्हाच, संध्याकाळचं. इथल्या मुलांनी मग दुचाकीवरून त्यांना सोडायचं ठरवलं, वाटेत सेव-उसळ खायची ठरलेली गाडी, आणि मला वाटतं ग्रुपचं व्हॉट्सॲप इंग्रजीत आलं ते याच दिवसांत, कुणी नियम काढून नाही. तरी भाड्याच्या खोल्यांचं रडगाणं राहिलंच. इथिओपियाच्या दोघांना खोली द्यायला कोणी तयार नव्हतं, नॉनव्हेज कराल का हा पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही पण चेहऱ्यावर असतो. शेवटी रावपुऱ्यातल्या एका जुन्या वाड्यातल्या काकूंनी दिली, "माझ्या सासऱ्यांच्या वेळी कलाभवनात शिकणारी पोरं ठेवायचो आम्ही" म्हणाल्या. कलाभवन सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलं, त्रिभुवनदास गज्जर पहिले प्रिन्सिपल, पुढे त्याचंच इंजिनिअरिंगचं कॉलेज झालं. याच महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना स्कॉलरशिप देऊन कोलंबियाला पाठवलं होतं. परक्या गावात शिकायला आलेल्या मुलाला खोली देणं हे या शहराला नवीन नसायला पाहिजे.

मार्कांचं म्हणाल तर ग्रुपचे बरे आले, थक्क व्हावं असं नाही. व्हायवा मात्र वेगळा झाला. इथिओपियाच्या मुलाने आयएस १८९३ वर दिला आणि आर म्हणजे काय, ज्याने भागतो तो ५ च का, हे इथल्या पोरांपेक्षा नीट सांगितलं, कारण त्याला ते पाठ नव्हतं, समजून घ्यावं लागलं होतं. "आपला सेफ" वाल्या मुलाला बीएसवर बोलायचं होतं, तो अडखळला, पण लोडला गुणायचे १.४ आणि १.६ चे फॅक्टर असून आपल्या दीड-दीडच्या जवळपासच कसं येतं हे त्याने फळ्यावर करून दाखवलं. तो आता अमेरिकेच्या ॲडमिशनच्या तयारीत आहे, परवा मला विचारत होता की तिकडे सगळं पाउंड आणि इंचात असतं का. असतं म्हटलं, आणि काँक्रीट सिलिंडरवर मोजतात. हसला.

पुढच्या बॅचसाठी असाइनमेंट तीच ठेवायची असं विभागात ठरलं, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ती नाहीये, इंटर्नल मार्कांत बसवलेली आहे, त्यामुळे मॅडम बदलून गेल्या की बंद. पण नवीन यादीत टांझानियाचं कोणी नाही. मॅडम म्हणतात बीएसचा भाग गाळू, आणणारं माणूसच नाही तर मागे घेतलेला कोड कशाला शिकवायचा. मी म्हणतो दार-ए-सलामच्या मुलाने केलेलं क्वालिटी कंट्रोलचं प्रकरण नव्या पोरांना वाचायला द्या आणि जागा ठेवा. आमचं यावर अजून एकमत नाही. मातीच्या घराला मार्क कसे द्यायचे याची एक पानाची टिपणी मात्र मी लिहून दिलीय, परीक्षक येण्याआधी ती त्यांच्या हातात पडावी एवढंच बघायचंय.